कडब्याच्या गंजीपुढची गोलकीपर

परवा सकाळी, फार दिवसांनी, मी खळ्यावर गेले. आपल्या येरमाळ्याच्या घरामागे गोठा, गोठ्यापलीकडे चिंच, आणि चिंचेपुढे ते गोल सपाट अंगण. मिथिल, तू ते पाहिलेलं नाहीस. पूर्वी तिथं ज्वारीची मळणी व्हायची, म्हणून त्याला खळं म्हणतात. शेणानं सारवून सारवून ती जमीन पाटीसारखी गुळगुळीत झालेली असायची. आता मळणी यंत्रावर रानातच होते, आणि ज्वारी तरी कितीजण पेरतात. नजर जाईल तिकडे सोयाबीन. खळ्यावर हराळी माजली आहे. मी काठी टेकत मधोमध उभी राहिले आणि मला वाळलेल्या कडब्याचा वास आला. गोड, धुळकट, उन्हात तापलेला. तिथं कडब्याची पेंढीसुद्धा उरलेली नाही. वास कुठून आला ते मला सांगता येणार नाही. सगळी हयात मी मुलांच्या निबंधात असल्या वाक्याखाली लाल रेघ ओढली. पण वास आला.

हे मी तुम्हां दोघांसाठी लिहिते आहे, तुमच्या आईला विचारून लिहिते आहे. ईशान वाचेल, मिथिल ऐकेल. मिथिल, तुला एक बहीण होती. चिन्मयी. आम्ही तिला चिमी म्हणायचो. ती ईशानपेक्षा लहान होती, आणि तू जन्मायच्या आधीच गेली. एवढं लिहून मी उठले, पाणी प्यायले, अंगणातले वाळत घातलेले कपडे घड्या करून कपाटात ठेवले आणि मग परत येऊन बसले. आता क्रमानं सांगते.

तुमचे बाबा आधी एकटेच कॅनडाला गेले. आईची नोकरी पुण्याला होती. त्या मधल्या काळात ईशान आणि चिमी माझ्याकडे आणि आबांकडे राहिले. शाळा इथलीच. संध्याकाळी दप्तरं फेकायची आणि टीव्हीपुढे बसायचं, कारण तेव्हा ते जपानी फुटबॉलचं कार्टून लागायचं. त्यातली पोरं बोलायची हिंदीत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काहीच उमगलं नाही. एक मुलगा चेंडूला लाथ मारतो, चेंडूचा वाघ होतो, वाघाला आग लागते, आणि मग चेंडू हवेतच राहतो. तो हवेत असताना सगळ्यांना आपापलं बालपण आठवतं. कुणाला वडील आठवतात, कुणाला जुना मित्र. भाग संपतो, चेंडू हवेतच.

"हा गोलापर्यंत पोचणार कधी?" मी विचारलं.

"उद्या," चिमी म्हणाली. टीव्हीवरची नजर तिनं हलवली नाही.

तिचा जीव त्या कार्टूनमधल्या गोलकीपरवर होता. विस्कटलेले केस, एक मोजा कायम घसरलेला, तोंडभर हसू. आग लागलेला वाघ अंगावर आला की तो जोरात पाय आपटायचा, जमीन दुभंगायची आणि त्याच्या पाठीमागून एक आख्खा डोंगर वर यायचा. वाघ डोंगराला धडकून पुन्हा साधा चेंडू व्हायचा आणि त्याच्या हातात पडायचा. त्याचं जपानी नाव कुणाच्याच तोंडात बसेना, म्हणून चिमीनं त्याला डोंगऱ्या म्हणायला सुरुवात केली आणि गावातल्या सगळ्या पोरांनी तेच उचललं. येडाईच्या डोंगराखाली राहणाऱ्या पोरांना जमिनीतून डोंगर उगवण्यात काही विशेष वाटलं नसावं.

मग खळ्यावर खेळ सुरू झाला. खळं गोल, त्यामुळे मैदानाला कोपराच नाही. ईशान, तुला आठवतं? तू कॉर्नरसाठी भांडायचास.

"कोपरा दाखव," ती म्हणायची. "कुठंय कोपरा? दाखव आन मार."

गोलही एकच. खळ्याच्या कडेला आबांनी रचलेली कडब्याची गंजी हाच गोल, कारण तिच्यावर चेंडू आपटला की दूर जात नसे, मऊ आवाज करून खाली पडे. दोन्ही संघ त्याच गोलावर मारायचे आणि मध्ये एकटी चिमी उभी. ती कुठल्याच बाजूची नव्हती, म्हणून ती कधी हरलीही नाही आणि जिंकलीही नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. फ्रॉकच्या खाली तुझी जुनी पँट, ईशान, आणि एक मोजा मुद्दाम खाली केलेला.

चैत्रात गंजी उंच आणि लांब असायची. मग आबा रोज सकाळ-संध्याकाळ एका टोकाकडून पेंढ्या ओढून बैलांना टाकायचे आणि गोल दिवसागणिक अरुंद होत जायचा. एक दिवस चिमी रडकुंडीला येऊन स्वयंपाकघरात आली.

"आजी, बैलांनी माझा गोल खाल्ला."

आबा बाहेर हात धूत होते. "आन काय करावं म्हन्ता? तुमच्या खेळापाई बैलांनी उपाशी ऱ्हावं?"

"तसं न्हाय आबा. आता इतका बारका झालाय की मी नुसती उभी राहिले तरी गोल होत न्हाय. मग मी अडवलं काय?"

"मग आपल्या हरण्या बैलाला उभं करू गोलावर. त्यो तुझ्यापरीस रुंद हाय."

ती हसली नाही. तिला ते अपमानास्पद वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं नवीन नियम केला: गंजी जितकी लहान होईल तितक्या जवळून पोरांनी चेंडू मारायचा. मृगाच्या तोंडाला पोरं तिच्यापासून इतक्या जवळ उभी असायची की चेंडू दिसायच्या आधी लागायचा. कोपरं, गुडघे, हनुवटी. हळद आणि तेल मी वाटीत तयारच ठेवत असे.

तिचं बोलणं पाहिलंत ना? न्हाय, आन, कुठंय. पुण्याहून आली तेव्हा स्वच्छ बोलायची, पण एका हंगामात भागाक्कांची नात शोभू लागली. भागाक्का म्हणजे आपल्या शेजारच्या. त्यांची पोरंही त्या खेळात असायची. मी दर वेळी दुरुस्त करायचे. "‘न्हाय’ नाही, ‘नाही’ म्हण." ती म्हणायची, "न्हाय म्हणणार."

आणखी एक नियम होता. तुमच्या बाबांनी पाठवलेल्या छोट्या यंत्रावर त्याच कार्टूनचा गेम होता. त्यात प्रत्येक खेळाडूच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी. डोंगर उगवला की पट्टी कमी होते, लाल होते, आणि मग खेळाडूला काहीतरी खायला द्यावं लागतं. खळ्यावरही तसंच ठरलं. पाय आपटून डोंगर काढला की तो चेंडू आत गेला तरी गोल धरायचा नाही, पण मग पट्टी संपते, आणि पट्टी भरायला आजीच्या खिडकीशी यावं लागतं. माझ्याकडे गूळ-शेंगदाण्यांची स्टीलची डबी होती. खिडकीच्या गजांतून घामट, मातकट हात आत यायचा.

"आजी, पट्टी."

मी हातावर ठेवायचे. "चावून खा. पळत खाऊ नकोस." मागे पोरं ओरडत असायची, संध्याकाळचं ऊन चिंचेत अडकलेलं असायचं, आणि ती माझ्या सांगण्याप्रमाणे एका जागी उभी राहून, अगदी शिस्तीत, चावून खायची. मला दाखवण्यासाठी तोंड उघडायची. मग पळायची.

चैत्री पौर्णिमेला इथं येडेश्वरीची, म्हणजे आपल्या येडाईची, यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून खाली आमराईकडे येते, आणि वाटेतल्या रानात लोक चुनखडीचे खडे वेचतात. काळ्या मातीत पांढरे खडे. पाच वेचायचे आणि ढिगावर टाकायचे. त्याचा चुना करून देवीच्या देवळाला लावतात. त्या गर्दीत, त्या हलगीच्या आवाजात, चिमीनं पाच खडे टाकले आणि एक फ्रॉकच्या खिशात घातला. घरी येऊन ती त्या खड्यानं खळ्यावर गोलाची रेघ ओढू लागली. भागाक्कांनी कुंपणावरून पाहिलं आणि त्या धावत आल्या.

"अगं बया, देवीचा खडा घरी आनत्यात का? ठिव, ठिव खाली त्यो."

"पण डोंगऱ्याला रेघ लागते."

"कोन डोंगऱ्या?"

आबांनी तो खडा तिच्या हातातून घेतला, धोतराच्या सोग्यात बांधला आणि उन्हातच परत चालत जाऊन ढिगावर टाकून आले. येताना दुकानातून पुडीभर चुना आणला. त्या पांढऱ्या रेघेवर चिमी वर्षभर उभी राहिली. पावसानं पुसली की आबा पुन्हा ओढायचे, वाकून.

आणि वेळ अमावास्या. आपण तिला येळवस म्हणतो. थंडीतली अमावास्या; सगळं गाव रानात जातं आणि गावात कुत्रं राहत नाही. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, हरभरा हिरवा, करडईला बोंडं. रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची आणि मग कोपीसमोर पंगत. सगळ्या शेंगांची, भाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मातीच्या बिंदग्यातलं गार अंबिल. त्या वर्षी पूजा झाल्यावर चिमी कोपीच्या दारात पाय फाकून उभी राहिली. हात दोन्ही बाजूंना पसरलेले.

"सरक की गं," आबा म्हणाले. "जेवायचंय."

"पांडव आत हायेत. कुणी मारलं तर?"

मग आबांनी हातातला उंडा तिच्याकडे टाकला, आणि तिनं तो झेलला. ज्वारीतून वारा आला, तिच्या ओठावर अंबिलाची पांढरी मिशी होती. मला ती येळवस तेवढीच आठवते. आदल्या रात्रभर मी चुलीपुढे बसले असणार, डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून चालले असणार, पण ते सगळं गेलं. एक मुलगी दारात उभी आहे आणि कुणाला आत जाऊ देत नाही, एवढं उरलं.

पुढचं मी थोडक्यात लिहीन. सोलापूरच्या दवाखान्यात तिला आधी एकदा नेलं, मग वारंवार. तुमची आई पुण्याची नोकरी सोडून इकडे आली. बाबा आले. त्या उन्हाळ्यात गंजी नेहमीसारखीच उंच रचली होती. चिमीला चालवत नव्हतं, पण तिनं हट्ट धरला म्हणून आबांनी बाज उचलून गंजीपुढे ठेवली आणि ती बाजेवर बसून गोल राखू लागली. उन्हाळ्यातही अंगावर शाल. पोरं येऊन चेंडू हळूच ढकलायची. ईशान, तूही हळूच ढकललास.

ती इतकी चिडली की तिला खोकला आला. "हळू मारू नकोस. हळू मारल्यावर अडवलं कशाला म्हणायचं?"

तू जोरात मारलास. चेंडू तिच्या खांद्याला लागून गंजीत गेला. ती म्हणाली, "गोल," आणि समाधानानं मागे टेकली. त्यानंतर तू चेंडूला पाय लावलेला मी पाहिला नाही. मी तुला हे आजवर सांगितलं नव्हतं, ते आता सांगते. त्या संध्याकाळी मी तिची वेणी घालत होते, जेवढे केस होते तेवढ्यांची, तेव्हा ती म्हणाली, "दादानं आज खरा मारला." लाड केल्यासारखं म्हणाली. एवढंच बोलली, पण तेच पुन्हा पुन्हा बोलली.

खिडकीशी येणं थांबलं होतं, म्हणून डबी मीच बाजेकडे न्यायचे. एक दिवस तिनं शेंगदाणा हातात घेतला, पाहिला आणि परत ठेवला. "आज पट्टी भरत न्हाय गं, आजी." मी ते न्हाय दुरुस्त केलं नाही.

त्या वर्षी गंजी मृगापर्यंत पुरली; चिमी नाही.

नंतर एकदा भागाक्का बसायला आल्या होत्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. आमच्यासोबत त्याही रडल्या होत्या. पण बोलता बोलता म्हणाल्या, "बाई, त्यो खडा त्या दिशी..." आबा जेवत होते. ते भरल्या ताटावरून उठले. सबंध संसारात ते असे कधी उठले नव्हते. भागाक्कांनी वाक्य तिथंच सोडलं. मी तेव्हा मनातल्या मनात फार ताठ झाले होते. दगडानं माणूस जात नाही, हे मला माहीत होतं, आणि ते माहीत असण्याचा मला त्या दिवसांत आधार वाटत होता.

मग तुम्ही सगळे कॅनडाला गेलात. बैल विकले. मिथिल, तू तिकडे जन्मलास. तुझी आई फोनवर म्हणाली होती, "आई, याला याच्यासारखाच वाढू दे. मी याला अजून काही सांगणार नाही. तूही नको." मी हो म्हटलं. तुझ्या वाढदिवसांना, दात पडल्यावर, शाळेच्या पहिल्या दिवशी मी हो पाळलं.

आता या पौषातली गोष्ट. रविवारी सकाळी इथं चहा होतो तेव्हा तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळ असते. मी फोन आडवा धरून बसले होते. मिथिल, तू तुझा टॅबलेट कॅमेऱ्यासमोर धरलास. "आजी, बघ. न्यू गेम. हा माझा कीपर."

विस्कटलेले केस. घसरलेला मोजा. चित्र आता जास्त चकचकीत झालं आहे, पण तोच. आणि तू उठलास, गालिच्यावर उभा राहिलास आणि पाय आपटलास.

मी जागची हललेच नसावे, कारण तू म्हणालास, "आजी, तू फ्रीझ झालीस." मागे ईशान सोफ्यावर होता. तो उठून आत गेला.

भागाक्का तेव्हा ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. फोन बंद झाल्यावर हळूच म्हणाल्या, "बाई, न सांगता त्यानं त्योच धरला?"

"हो."

"मग फिरून आली की वं तुमची पोरगी."

मी त्यांना गप्प केलं नाही. खरं लिहायचं तर त्या दिवसापासून माझा सगळा दिवस हलका झाला. मी तुझे फोटो काढून बघू लागले, मिथिल. तुझे कान, तुझा अंगठा, झोपताना तू हात डोक्यावर घेतोस तो. रविवारची वाट पाहू लागले आणि रविवार आला की तू काय सांगतोस ते न ऐकता तुझ्यात दुसरंच काही शोधू लागले. एकदा तर माझ्या तोंडून तुला हाक मारताना चि निघालं आणि मी खोकल्याचं निमित्त केलं. चुलीवरून भाकरी उतरवताना मला हसू फुटायचं. आबा विचारायचे, "काय झालं?" मी म्हणायचे, "काही नाही." खडा खोटा म्हणणारी मी, फिरून येणं मात्र खरं धरून बसले होते. हे मला कळत होतं. कळूनही मी ते सोडत नव्हते, कारण ते सोडलं तर पुन्हा ती नसणारच होती.

मग ईशानचा फोन आला. एकट्याचा, वसतिगृहातून. बर्फ पडतंय, परीक्षा आहे, जेवणात मीठ नसतं, असं बराच वेळ बोलला. मग थांबला.

"आजी, तू त्या दिवशी रडलीस?"

"नाही."

"खोटं."

"थोडी."

"तो गेम मी घेऊन दिला त्याला. तो दुसराच खेळाडू घेत होता. तो आग लावणारा आहे ना, स्ट्रायकर, तो. मीच म्हणालो, हा घे, हा भारी आहे. पाय कसा आपटायचा ते पण मीच दाखवलं."

मी विचारलं, "का रे बाळा?"

फोनमध्ये वारा ऐकू येत होता. तो बाहेर उभा असावा.

"मला कुणीतरी पाय आपटलेला बघायचा होता."

म्हणजे चिमी फिरून आली नव्हती. एका भावाला ती इतकी हवी होती की त्यानं दुसऱ्याला तिच्या जागी उभं करून पाहिलं होतं. आणि इकडे मीही तेच करत होते. त्या एका दिवसात ती माझ्यासाठी पुन्हा गेली. आबांना सांगितलं तर ते गोठ्याकडे निघून गेले. गोठ्यात आता काही नसतं.

"मिथिलला सांगायला हवं," ईशान म्हणाला होता. "तू लिही. मला बोलता येणार नाही, वाचता येईल." म्हणून मी तुमच्या आईला विचारलं. ती म्हणाली, "लिही. फक्त ती परत आली असं लिहू नकोस."

तेव्हा मिथिल, नीट ऐक. ती परत आलेली नाही. ती तुझ्यात नाही, तुझ्या गेममध्ये नाही. तुला तो आग लावणारा खेळाडू आवडला होता, तर तोच घे. तू कुणाच्याही जागेवर उभा नाहीस. तिची जागा होती, ती रिकामी आहे, आणि ती आम्ही मोठी माणसं सांभाळू. तुला कुणी तिच्याविषयी विचारलं तर सांग, माझी एक बहीण होती, ती छान अडवायची. एवढं पुरे.

गेल्या रविवारी तू फोनसमोर खरा चेंडू घेऊन आलास. स्पंजाचा, लाल. ईशान घरी आला होता. फोन तू टेबलावर पुस्तकांना टेकवून उभा केलास आणि मला म्हणालास, "आजी, तू कीपर." मी पदर खोचला. इथं खुर्चीवर, चहाच्या कपासमोर, हात पसरून बसले. आबा दारातून बघत होते. तू मागे गेलास, पळत आलास आणि मारलास. चेंडू मोठा होत होत आला आणि सगळं उलटंपालटं झालं. तुमचा फोन पडला. मला तुमच्या घराचं पांढरं छत दिसत राहिलं, कोपऱ्यातला दिवा, आणि कुणी उचलायच्या आधी बराच वेळ फक्त हसण्याचा आवाज. मी फोन कानाशी धरला आणि लक्ष देऊन ऐकलं. तिसरा आवाज नव्हता; तुम्ही दोघंच हसत होतात.